दुपारी बंद

शंकेखोर : गावच्या वाचनालयाच्या नव्या खोलीसाठी मी पैसे देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं मोकळेपणानं होईल. गावाकडच्या माणसाच्या हातात मुंबईत चार पैसे खुळखुळले की त्याला तीन गोष्टी सुचतात : देवळाचा सभामंडप, शाळेच्या भिंतीला रंग आणि वाचनालय. पहिल्या दोन निदान वापरात येतात. वाचनालयाचं काय होतं ते मी उपनगरात तीस वर्षं पाहत आलोय. उद्घाटनाला पाहुणे, दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी, आत काचेची कपाटं आणि कपाटांना कुलपं. दोन वर्षांनी बघावं तर पाटीवरची नावं वाचणारे लोक आतल्या पुस्तकांची नावं वाचणाऱ्यांपेक्षा जास्त. आणि एवढं होऊन त्याला म्हणायचं 'सार्वजनिक'! श्रीवर्धनचा एसटी स्टँड सार्वजनिक आहे. तिथल्या बाकावर टेकलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, सभासद आहात का, अनामत भरलीत का, कोणाची ओळख आहे का. ज्या दाराशी हे विचारलं जातं ते दार सार्वजनिक कसं?

आशावादी : सुरुवातीलाच शब्दाला धरलंत, बरं झालं. पण मग शब्दाचा इतिहासही बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. 'दर्पण' निघाला १८३२ साली. म्हणजे मराठी माणसाच्या हातात मराठी वर्तमानपत्र पडायच्या चार वर्षं आधी आपल्याच किनाऱ्यावरच्या एका गावात वाचायला जागा झाली होती. मग नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, कल्याण १८६४. ठाण्यात १८९३ साली 'महाराष्ट्र सारस्वत'वाले विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मंडळींनी तर ठरवलं की ग्रंथ जमवायचे ते फक्त मराठी. पाच वर्षांनी मुंबईकरांनी तोच कित्ता गिरवला आणि पुढे गिरगाव-दादरकडच्या वस्त्यांतून त्या ग्रंथसंग्रहालयाच्या शाखा निघाल्या. यातल्या एकालाही कायद्याचं पाठबळ नव्हतं. कुठे एखाद्या गोऱ्या साहेबानं हातभार लावला असेल, कुठे एखाद्या सरदारानं. पण महिन्याच्या महिन्याला वर्गणी मागत हिंडणारा, पुस्तकं बांधून घेणारा, पावसाळा सरला की ती उन्हात घालणारा माणूस तुमच्या-आमच्यासारखाच. घरातली पुस्तकं घराबाहेर काढून दुसऱ्याच्या हातात द्यायची, ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. पोथी सोवळ्यात असायची. तिला सोवळ्यातून काढून वाचनालयाचा शिक्का मारला, ही लहान गोष्ट नव्हे.

शंकेखोर : लहान नव्हे, पण अर्धी आहे. तुम्ही १८४८ म्हणालात. त्याच साली, त्याच पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एका दारावर पाटी 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी', ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यासाठी. दुसरं दार ज्यांना वाचू दिलंच नव्हतं त्यांच्यासाठी. पहिल्या दाराला प्रतिष्ठितांचा आश्रय मिळाला, दुसऱ्या दाराकडे जाणाऱ्या बाईच्या अंगावर शेण पडलं. आता आणखी पुढे या. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. अस्पृश्यांना कुठे कुठे मोकळीक असावी त्याची त्यात यादी आहे : पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने. यात वाचनालय शोधून दाखवा.

(नाही सापडत. शंकेखोराशी माझी पुष्कळ भांडणं झाली आहेत, पण या यादीत त्याला चुकीचा ठरवता आलेलं नाही.)

आशावादी : यादीत नाही, मान्य. पण त्याचं कारण दुष्टपणाच असेल असं नाही. ठराव सरकारी पैशानं चाललेल्या किंवा सरकारनं नेमलेल्या मंडळांच्या ताब्यातल्या जागांबद्दल होता. वाचनालयं वर्गणीवर चालत.

शंकेखोर : अहो, तेच तर माझं म्हणणं! नाव सार्वजनिक, पण पैसा खाजगी, म्हणून सार्वजनिक जागांचा नियम त्याला लागू नाही. ही दोन दगडांवरची सोय फार जुनी आहे. आणि नियम लागू असता तरी काय झालं असतं ते आपल्या शेजारच्या महाडनं दाखवलंच आहे. १९२४ साली नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब तिथे जाईपर्यंत त्या ठरावाचं पाणी कोणाच्या ओंजळीत आलं नव्हतं.

आशावादी : आणि श्रीवर्धन तर तेव्हा मुंबई इलाख्यातही नव्हतं. जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य, १९४८ पर्यंत. बोल्यांचा तो ठराव इथे टपालानं आला असता तरी कचेरीत त्यावर शिक्का पडला नसता. असो. तुमचं बोलणं मी नाकारत नाही. फक्त एवढंच म्हणतो, ते दार तुम्ही म्हणता तितकं घट्ट कधी नव्हतंच. ते गळकं होतं. आमची आई आयुष्यात वाचनालयाची पायरी चढली नाही. कार्ड वडिलांच्या नावाचं. दर शनिवारी माझ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चिठ्ठी : 'दोन द्यावीत. एक जाड. मागचं वाचलेलं होतं, तरी पुन्हा वाचलं.' ग्रंथपाल चिठ्ठी वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि कपाटातून नेमकं तिच्या आवडीचं पुस्तक काढून द्यायचे. अकरा वर्षं असं चाललं. तिनं काय वाचलं त्याची नोंद वडिलांच्या नावावर आहे, पण वाचलं तिनं. अशा किती बायांची वाचनं नवऱ्यांच्या खात्यावर जमा असतील! आणि ती चार-आठ आण्यांची भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं? बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला आणि काळापहाडला अनामत लागत असेल, पण जात विचारली जात नव्हती. गिरणीतून सुटलेला माणूस पुस्तक घेऊन जायचा, ते चाळभर फिरायचं आणि परत येताना शेवटचं पान गायब असायचं. खून कोणी केला ते पुढच्याला चाळीतच जाऊन विचारावं लागायचं.

शंकेखोर : तुमच्या आईची गोष्ट मला आवडली, आणि तीच तुमच्यावर उलटते. अकरा वर्षं ग्रंथपालांना तिची आवड ठाऊक होती. अकरा वर्षांत एकदा तरी निरोप गेला का, की वहिनी, स्वतः या, कपाट उघडून बघा?

आशावादी : ...नाही. तसं कोणाला सुचलंही नसेल. तिलाही नाही.

शंकेखोर : सुचलं नाही, याचंच मला भय वाटतं. बंदी घातली असती तर भांडता तरी आलं असतं.

आशावादी : पण मग पुढे काय? तुमच्या हिशेबानं जे आजवर पुरतं सार्वजनिक झालं नाही ते मोडीतच काढायचं का? तसं असेल तर आधी शाळाच बंद करा, त्यांचा इतिहास काही उजळ नाही.

शंकेखोर : मोडीत काढा असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या-माझ्या देणगीनं ते सुधारणार नाही, एवढंच म्हणतो. आता पैशाकडे या, कारण दाराची चावी तिथे आहे. १९६७ साली आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. मद्रासनं आपल्या १९४८ च्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला होता. आपण बसवला नाही. कोल्हापूर संस्थानात १९४५ सालीच कायदा झालेला, म्हणजे अनुभव नव्हता असंही नाही. आपण ठरवलं : वाचनालय लोकांनी काढावं, संस्था नोंदवावी, आणि सरकार अ, ब, क, ड असा वर्ग लावून अनुदान देईल. राज्यात बाराएक हजार ग्रंथालयं झाली, आकडा दिमाखदार आहे. पण २०१२ साली महसूल खात्याची माणसं पडताळणीला निघाली तेव्हा कागदावरची कितीतरी ग्रंथालयं जागेवर सापडेनात. जी खरी आहेत त्यांचीही रड तीच. अनुदान दोन हप्त्यांत, ग्रंथपालाचा पगार त्यातून, पुस्तकं त्यातून, वीजबिल त्यातून. ड वर्गातल्या ग्रंथपालाला जे मिळतं त्याला पगार म्हणताना जीभ अडखळते. आणि मालकी? कार्यकारी मंडळाची. उपकर भरणारा माणूस दारात उभा राहून म्हणू शकतो, माझ्या पैशाचं आहे, पंखा का बंद? आपल्याकडे हे फक्त वर्गणीदार म्हणू शकतो, तेही वार्षिक सभेत, चहाच्या आधी.

आशावादी : म्हणजे सगळं सरकारनं करावं? मगाशी तुम्ही म्हणत होता ओळख विचारणारं दार नको. सरकारी दाराशी तर ओळखीबरोबर आधार कार्डही विचारतील. इंग्लंडची गंमत ठाऊक आहे ना? १८५० च्या तिथल्या कायद्यानं गावांना पौंडामागे अर्धी पेनी कर लावून वाचनालय बांधायची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तकं घ्यायची नाहीत! इमारत कराची, पुस्तकं दानाची. पाच वर्षांनी ते सुधारलं. सरकारला इमारत लवकर कळते, कारण तिचं उद्घाटन होतं. आणि पुस्तकं घ्यायला निघालं की यादी येते. यादीतून आलेला गठ्ठा मी सोडलेला आहे. एकाच थोर पुरुषाची पाच चरित्रं, आरोग्यावर तीन, आणि ज्या गावात सुपारी-नारळ सोडून काही पिकत नाही तिथे द्राक्ष लागवडीवर एक. मंडळ कितीही कोतं असलं तरी त्याला एवढं कळतं की गावात द्राक्षं होत नाहीत.

शंकेखोर : द्राक्षांचं मान्य. पण सरकार म्हणजे यादीच, असं का? सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. एक पैसा न घेता.

आशावादी : राजाच्या मर्जीनं. राजा गेला की पेटीही जाते.

शंकेखोर : आणि तुमच्या मंडळाच्या कार्यवाहाचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला की वाचनालय जातं. मर्जी दोन्हीकडे आहे. म्हणून मी केरळकडे बघतो. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांनी अंबलप्पुळ्याला ४७ ग्रंथालयांची माणसं एकत्र बसवली. ग्रंथालयं लोकांनीच काढलेली, आपल्यासारखी. पण १९८९ च्या कायद्यानंतर त्यांच्यावर निवडून आलेली परिषद आहे आणि पाठीशी उपकर आहे. मर्जी नाही, यादीची सक्ती नाही आणि हक्क आहे. हे आपल्याला का जमलं नाही?

आशावादी : कारण आपल्याला वर्गणी प्रिय आहे. गणपतीची असो, वाचनालयाची असो. वर्गणीत अब्रू असते, करात फक्त पावती. ही थट्टा नव्हे. माझे आजोबा मरेपर्यंत अभिमानानं सांगायचे की ते आजीव सभासद आहेत. उपकर भरल्याचं कोणी अभिमानानं सांगितलेलं ऐकलंय? त्या अभिमानावरच ही वाचनालयं दीडशे-दोनशे वर्षं उभी राहिली.

शंकेखोर : आणि त्या अभिमानानंच ती आखूड ठेवली. जीवना बंदरावरच्या पोराला तुमच्या आजोबांचा अभिमान पायरीवरच दिसतो. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या मुलीला टेबलावर पाच मराठी पेपर दिसतात, 'इन्किलाब' दिसत नाही. कोणी तिला हाकललेलं नसतं. पण 'हे आपलं नाही' हे कळायला पाटी लागत नाही.

आशावादी : 'इन्किलाब' ठेवायला काय लागतं? महिन्याचं एक बिल.

शंकेखोर : बिल सोपं आहे. आधी मंडळाच्या सभेत तो विषय कोणीतरी मांडायला लागतो.

आशावादी : मग आता माझं ऐका, कारण मी खोली कशाची मागतोय ते तुम्ही विचारलंच नाहीत. कपाटांची नाही, अभ्यासिकेची. आज वाचनालयात सगळ्यात जास्त वेळ बसतं कोण? पोलीस भरतीची मुलं, एमपीएससीची मुलं-मुली. त्यांना तुमचं कपाट नको असतं. ती आपली झेरॉक्सची पुस्तकं, पाण्याची बाटली आणि हेडफोन घेऊन येतात. त्यांना हवी खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता. घरात काय असतं? एक खोली, टीव्ही, लहान भाऊ आणि पाहुणे आले की चहा टाकायला उठायचं. मुलीला तर उठायचंच. अभ्यासिकेत ती सहा तास बसते आणि कोणी तिला उठवत नाही. जुन्या सभासदांना हे आवडत नाही. म्हणतात, ही वाचतात कुठे, ही पाठ करतात. मला विचाराल तर वाचनालय आपल्या सगळ्या इतिहासात पहिल्यांदाच सार्वजनिक झालंय ते या मुलांमुळे.

शंकेखोर : हे चांगलं बोललात, आणि मला पटायला लागलंय म्हणूनच भीती वाटते. पुस्तक काढून घेतलंत की उरतं काय? बसायची जागा. मग तिला वाचनालय का म्हणायचं? प्रतीक्षालय म्हणा. ती मुलं वाचायला बसलेली नाहीत, निकालाची वाट बघत बसलीत. एक हजार जागा आणि लाखो अर्ज, त्या रांगेला आपण पंखा लावून देतोय. आणि शेजारच्या खोलीत बांधीव अंकांना कसर लागतेय. आपल्या गावात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा पुतळा आहे, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात. इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून ४५ खंड छापून घेतले. त्यातला एखादा तरी हातात धरावा असं त्या पुतळ्याखाली उभ्या राहिलेल्या एका मुलाला वाटलं, तर त्याला माणगावला जाऊन गाडी पकडावी लागणार. तुमच्या अभ्यासिकेत त्या मुलाला जागा आहे?

आशावादी : खुर्ची आहे. खंड नाही. तुम्ही खंड द्या.

शंकेखोर : ते खंड आता मोबाईलवर मिळतात म्हणे, फुकट.

आशावादी : मोबाईलचं सांगूच नका. ३ जून २०२०. निसर्ग वादळ आपल्या डोक्यावरून गेलं. दुपारी दोन तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी आगकाड्यांसारख्या आडव्या. कौलं उडाली, आठवडेच्या आठवडे वीज नाही, टॉवर पडलेले. जनरेटरवाल्याकडे मोबाईल चार्ज करायला रांगा, आणि चार्ज करून बघायचं काय, रेंज नव्हतीच. माझ्याकडे वाचनालयाची दोन पुस्तकं होती, टाळेबंदीमुळे मार्चपासून अडकलेली. दोन्ही भिजून उशीएवढी फुगली. मी पडवीत बसून एकेक पान सुटं केलं, मध्ये जुन्या पेपरचे तुकडे घातले, वर पाटा ठेवला. चित्रांची गुळगुळीत पानं चिकटली ती चिकटलीच, ती सोडवताना शाई बोटांवर आली. बाकीची सुटली. तीन आठवडे मी आणि शेजारचा शाळकरी पोरगा तेवढीच दोन पुस्तकं वाचत होतो. ऑक्टोबरात कुलूप निघालं तेव्हा नेऊन दिली. ग्रंथपालांनी तारखेच्या पट्टीवर शिक्का मारला, पुस्तक हातात तोललं आणि म्हणाले, 'वजन वाढलं याचं.' दंड नाही घेतला.

शंकेखोर : छान. पण त्या तीन आठवड्यांत, जेव्हा गावाला करमत नव्हतं, दिवे नव्हते, बातमी नव्हती, तेव्हा वाचनालयाला कुलूपच होतं ना?

आशावादी : टाळेबंदी होती. नियम होता.

शंकेखोर : नियम होता, खरं. मी दोष देत नाही. फक्त नोंद करतो की पुस्तकं वाचली ती तुमच्या पडवीत, आणि शेजारच्या पोराला सभासद व्हावं लागलं नाही.

आशावादी : म्हणजे पडवी हेच वाचनालय म्हणा! भिलारला २०१७ साली तसं केलंच, लोकांच्या घरांतून पुस्तकं ठेवली आणि गावाला पुस्तकांचं गाव म्हटलं.

शंकेखोर : तिथे महाबळेश्वरचे पर्यटक आहेत. आपल्याकडे पर्यटक येतो तो समुद्र आणि सुरमईसाठी. नाही, पडवीनं भागणार नाही. पडवी तुमची आहे. उद्या तुम्ही मुलाकडे ठाण्याला गेलात की दार बंद. मला असं दार हवंय जे तुम्ही गेल्यावरही उघडं असेल, आणि जिथे त्या पोराला तुमच्या ओळखीची गरज नसेल. ते कोण उघडं ठेवतं, याचं उत्तर मला तुमच्या दोनशे वर्षांत सापडलेलं नाही. वर्गणी ठेवते तेव्हा वर्गणीदारांसाठी ठेवते. सरकार ठेवतं तेव्हा द्राक्षं लावतं.

आशावादी : मग निदान पैशाशिवाय होण्यासारखं काहीतरी सांगा. मी मंडळात मांडतो.

शंकेखोर : मांडता? बरं. राज्यात कुठल्याही वाचनालयाच्या दारावरची पाटी बघा. वेळ : सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. दुपारी बंद. ही वेळ कोणाची? कचेरीतून पाचला सुटणाऱ्याची आणि सकाळी पेपर वाचून दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या निवृत्ताची. बंदरावरची बाई म्हावरं विकून बाजारातून परत येते दुपारी. सुपारी सोलायला जाणारीला मोकळीक मिळते ती जेवणानंतर. तुमच्या आईचीही घरातली मोकळी वेळ कोणती होती? आठवा.

आशावादी : दोन ते चार. त्या वेळात ती वाचायची.

शंकेखोर : दोन ते चार उघडं ठेवा. संध्याकाळी दोन तास कमी करा, पैसा लागणार नाही.

आशावादी : संध्याकाळची मंडळी ऐकणार नाहीत. पेपर वाचायला तीच येतात, देणगीही तीच देतात. आणि ग्रंथपालबाई दुपारी घरी जाऊन सासूला जेवायला वाढतात, तेवढ्या पगारात दुसरं कोणी येणार नाही. त्यांना काय सांगू?

शंकेखोर : ते मलाही ठाऊक नाही. पण सभेत आधी त्यांनाच विचारा.